ओल्या नवारीचा पट्टा

नाशिकला द्वारकेच्या चौकाजवळ आमचं ताडपत्रीचं दुकान होतं. वडिलांनी टाकलं, मी चालवलं आणि गुडघे गेल्यावर मीच बंद केलं. आता त्या जागी मोबाइलची कव्हरं मिळतात. तीसेक वर्षं मी ट्रकच्या ताडपत्र्या शिवल्या, कांद्याच्या गाड्यांची झाकणं शिवली, बागाईतदारांना शेततळ्यात अंथरायचे प्लास्टिकचे कागद जोडून दिले. त्यातल्या कशाचीही आठवण कुणी काढत नाही. लोक मला ओळखतात ते तरंगणाऱ्या पिशवीवाले काका म्हणून. या अंकाच्या संपादकबाईंनाही तेच हवं होतं. "धंद्यातल्या गमतीजमती लिहा," म्हणाल्या. गमतीजमती आहेत, एखादी सांगतोही. पण ज्या गोष्टीपाशी ते काम येऊन थांबलं ती गंमत नाही, आणि ती वगळून बाकीचं लिहायला माझा हात चालत नाही.

निवृत्तीनाना हे आमचं जुनं गिऱ्हाईक. ट्रक ड्रायव्हर, स्वतःची गाडी, आणि ताडपत्रीच्या बाबतीत भयंकर किरकिरे. शिवण उलटीसुलटी करून बघायचे, दोरीच्या कड्या दातात धरून ओढायचे. नव्वद सालानंतर कधीतरी ते एका उंच, काटक तरुणाला घेऊन दुकानात आले.

"परभाकर, हा माझा सुनील. सातपूरला कंपनीत टर्नर हाय. सुट्टीच्या दिवशी घरात बसंल तर शपथ. दोर घेऊन घळी उतरत फिरतो. त्याला म्हने पान्यावर तरंगनारी पिशवी पायजे. तूच समजाव काय त्याला."

मी समजावलं नाही. उलट मलाच नाद लागला.

घळ म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण पहिल्या दिवशी मलाही माहीत नव्हतं. आपल्या पश्चिमेकडच्या डोंगरांत ओढ्यांनी कातळ कापून अरुंद चिरा पाडल्या आहेत. दोन्ही बाजूंनी उभा दगड, मध्ये कुठे आठ हात, कुठे दोनच. ओढा त्यातून पायऱ्यापायऱ्यांनी उड्या मारत जातो आणि प्रत्येक उडीच्या तळाला डोह असतो. ही मंडळी वरून शिरायची, प्रत्येक उडीला दोर बांधून उतरायची आणि खाली आलं की दोर ओढून घ्यायची. एकदा दोर ओढला की मागे फिरता येत नाही. पुढचे सगळे डोह पोहून, सगळ्या उड्या उतरूनच बाहेर पडायचं. म्हणजे जी पिशवी सोबत आहे तिच्यात पुढचा दोर, खाणं, कोरडे कपडे, औषधं, काडेपेटी, सगळं. ती बुडाली की माणूस भिंतींमध्ये कोंडला गेला. सुनीलच्या मंडळींची एक पिशवी अशीच एका डोहात गेली होती आणि थंडीने काकडत त्यांनी पुढचा अख्खा दिवस काढला होता.

पिशवी तरंगते ती कापडाने नाही, आतल्या हवेने. हे लोकांना पटत नाही. जाड ताडपत्रीची पिशवी शिवा म्हणायचे, म्हणजे पाणी शिरणार नाही. मी सांगायचो, पाणी शिरणारच. शिवण आहे तिथे सुईची भोकं आहेत. म्हणून बाहेरच्या पिशवीच्या बुडाला मी मुद्दाम मोठी भोकं ठेवत असे, रिंगा ठोकून. पाण्यातून वर काढली की दहा मोजेपर्यंत रिकामी. सामान आतल्या रबरी पिशव्यांत. त्यांचं तोंड तीन वेळा गुंडाळायचं, दुमडायचं आणि बांधायचं, पण बांधण्याआधी आत थोडी हवा राहू द्यायची. आणि पाठीकडच्या बाजूला, वरच्या अंगाला, गोडेतेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन, झाकण लाखेने बंद केलेला. एवढा कॅन पाचेक किलो बुडतं वजन सहज उचलून धरतो. तो वरच का, तर पिशवी पाण्यात तोंड वर करून उभी राहावी म्हणून. खाली बसवला तर पिशवी शीर्षासन करते आणि आतलं सगळं तोंडाशी येतं.

ही अक्कल मला काही पुस्तकातून आली नाही. आमच्या लहानपणी गोदावरीत पोहायला शिकताना पाठीला पत्र्याचा बंद डबा बांधायचे. डबा वर राहतो, पोरगं पालथं राहतं, आणि मामा नाहीतर काका हनुवटीखाली हात धरून त्याला हातपाय मारायला लावतो. त्या डब्यावरूनच मला कॅन सुचला. डबा पाठीवर असला की पोरगं पालथं राहतं, हे मी माझ्या अंगाने शिकलो होतो. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

पिशव्यांचं नाव झालं. नाशिकचीच नाही, मुंबई-पुण्याची पोरं पत्ता विचारत यायला लागली. ट्रकवाले बाहेर शिव्या घालत उभे आणि मी आत चष्मेवाल्या पोरांशी डोहांच्या गप्पा मारतोय, असा प्रकार. एक फोटोवाले गृहस्थ आले, त्यांना कॅमेरा पाण्यातून न्यायचा होता. पिशवीवर त्यांचा भरवसा बसेना. दोन दिवसांनी घरातला पाच लिटरचा प्रेशर कुकर घेऊन हजर. झाकणाला रबर आहे, म्हणाले, शिट्टीचं भोक तेवढं बंद करून द्या. मी दिलं. कुकरला खांद्याचे पट्टे शिवले. कॅमेरा कोरडा राहिला, पण कुकर घरी परत गेल्यावर काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. पुढच्या वेळी मात्र त्यांच्या पत्नी स्वतः आल्या आणि कुकरचं नाव न काढता त्यांनी कॅमेऱ्यासाठी एक डबा करून घेतला.

आता पट्ट्याकडे येतो.

सुनीलची तक्रार होती की उतारावर पिशवी पाठीवर डोलते, तोल जातो. कमरेला पट्टा हवा. मी नायलॉनचा पट्टा लावला, त्याला लोखंडाच्या दोन कड्या. पट्टा दोन्ही कड्यांतून घालून एकीवरून परत घ्यायचा आणि ओढायचा. ट्रकच्या ताडपत्रीला आम्ही हेच करायचो. तेव्हा प्लास्टिकची बकलं मिळत ती शाळेच्या दप्तराची, महिन्यात तुटणारी. पण नायलॉन गुळगुळीत. ओला झाला की कड्यांतून सरकायचा. "काका, पट्टा टिकत नाही," सुनील दोनदा येऊन म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा मला राग आला. माझ्या हातची वस्तू टिकत नाही हे मला सहन होत नसे.

मी नवार काढली. खाटेला विणतात ती सुती पट्टी, जाड, घट्ट विणीची. सुताचा गुण असा की भिजलं की फुगतं. नवार कड्यांत फुगली की जी बसते ती बसते. पावसात ट्रकच्या ताडपत्रीला ओल्या नवारीसारखं दुसरं काही नाही, हे मला नानांनीच शिकवलं होतं; घाटात वारा सुटला तरी हलत नाही म्हणायचे. मी सुनीलला सांगितलं, "हा आता बापजन्मात सरकणार नाही."

नवी पिशवी पाण्यात घालून बघायची तर मी मखमलाबादच्या बाजूला सासुरवाडीच्या विहिरीवर जात असे. सासऱ्यांमागे सासूबाई मळा बघत होत्या, झेंडू आणि भाजीपाला. त्या दिवशी मी पिशवीत विटा भरल्या, कमरेचा पट्टा पिशवीलाच आवळून बांधला आणि दोराने विहिरीत सोडली. झकास तरंगली. तोंड वर, कॅन पाठीशी, अगदी ऐटीत. सुनील आणि मी काठावर उभे राहून पोरांसारखे खूश. वर काढली, आणि सासूबाई झेंडूची पाटी खाली ठेवून पट्टा सोडायला बसल्या. त्यांना कुठलीही गोष्ट हाताळून बघायची सवय होती. नखं लावली, कडी हलवली, शेवटी दातही लावले.

"जावईबापू, हे सुटत नाय."

"सुटायला नाही केलं ते," मी म्हणालो, आणि हसलो.

"गोठ्यात म्हशीला बांधते ना मी, तर टोक ओढलं की मोकळी झाली पायजे अशी गाठ मारते. जनावर अडकलं तर विळा शोधत बसायचं का?"

"ही काय म्हैस आहे का?" मी म्हणालो. सुनील पण हसला. शेवटी पट्टा आम्ही दोघांनी पक्कड लावून सोडवला. घरी येताना स्कूटरवर मी त्याला सांगितलं की बायकांना यातलं कळत नाही.

त्या नवारीच्या पट्ट्याच्या अकरा पिशव्या मी विकल्या. बारावी सुनीलची.

एक गोष्ट खरी, की सुनीलचा नियमच होता: डोहात पिशवी पाठीवर घेऊन उतरायचं नाही. आधी दगडावर उभं राहून, पाहिजे तर दोघांनी मिळून पट्टा सोडवून, ती काढायची, पुढे टाकायची, मग तिला धरून पोहायचं. म्हणून तीन-चार वर्षं काही झालं नाही. मी याचा आधार पुष्कळ वेळा घेतला आहे. काही उपयोग होत नाही.

त्या वर्षी परतीचा पाऊस लांबला होता आणि दिवाळी झाली तरी ओढे भरून वाहत होते. एका सोमवारी सकाळी दुकान उघडतोय तोवर विजय आला. सुनीलच्या कंपनीतला, त्याच्याबरोबर नेहमी जाणारा. आदल्या दिवशीचेच कपडे अंगावर, पायांत चप्पल नाही.

"काका, सुनील गेला."

मी त्याला आत बसवलं. तो सांगत होता आणि मध्येच थांबून हात चोळत होता.

पाच जण होते. छातीला बांधायला स्कूटरच्या हवा भरलेल्या ट्यूबा होत्या, त्यातली एक दगडाला लागून फाटली. सुनीलने आपली ट्यूब नव्याने आलेल्या एका मुलीला दिली. शेवटची उडी दोन मजले उंच. चौघं उतरले, त्यांच्या पिशव्या सुनीलने वरून सोडल्या. तो शेवटचा. पिशव्या सोडायचा दोर शेवटी त्याच्याच पिशवीत भरायचा होता, म्हणून ती पाठीवर घेऊनच तो उतरला.

"मागच्या वर्षी त्या जागी गुडघाभर पाणी होतं काका. खाली दगड आहे, त्यावर उभं राहून पट्टा सोडता येतो. त्याला तेच वाटलं. या वेळी दगड पाण्यात होता, डोक्याच्याही वर पाणी."

"मग?"

"त्याने दोर सोडला. आम्ही डोहाच्या दुसऱ्या टोकाला. पोटाशी हात नेऊन काहीतरी करतोय एवढं दिसलं. वरून धबधबा, आवाज येत नाही. मग पिशवी वर आली आणि तो पालथा झाला. दोनदा मान वर काढली. पिशवी बुडत नाही म्हणून तो उताणा होईना. मी पोहत गेलो, पण धबधब्याचं पाणी मागे लोटत होतं. पट्टा सुटला नाही. मीपण ओढून पाहिला. सुरीने कापला."

"कुठला पट्टा?" मी विचारलं. खरंच असं विचारलं मी.

"कमरेचा."

मग तो म्हणाला, "पिशवीतलं सगळं कोरडं होतं काका. त्याचीच कोरडी चादर काढून त्याच्यावर घातली."

विजय मला दोष द्यायला आला नव्हता. त्याला कुणाला तरी सांगायचं होतं, आणि सुनील माझ्याबद्दल खूप बोलायचा, म्हणून आला होता. मी त्याला चहा दिला, रिक्षात बसवून दिलं. मग शटर अर्धं ओढून मशीनसमोर बसलो. मला त्याच क्षणी सगळं कळलं होतं: पाठीवरचा डबा, पालथं पोरगं, फुगलेली नवार. समजायला काही शिल्लक नव्हतं.

अंत्यविधीला मी मागे उभा राहिलो. लोक म्हणत होते पाण्यापुढे कुणाचं चालतं, आणि मी मान हलवत होतो. नाना एका दगडावर बसले होते. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि परत खाली बघितलं.

पुढच्या आठवड्यात स्कूटर काढून मी विकलेल्या अकराही पिशव्या गोळा केल्या. गंगापूर रोड, सिडको, सातपूर, दोन मुंबईहून फोन करून मागवल्या. सगळ्यांना सांगितलं की कापडाचा तो ताका खराब निघाला. लोकांनी कौतुक केलं. एवढ्या प्रामाणिकपणे माल परत मागवणारा दुकानदार पाहिला नाही, असं एक जण म्हणाला. घरी येऊन मी जेवलो नाही.

अकराही पट्टे मी उसवले. नवे लावले ते सासूबाईंच्या म्हशीच्या गाठीवर: पट्ट्याचं टोक कडीतून पूर्ण पार न जाता दुमडून मागे येतं, आणि त्या दुमडीला लाल कापडाची शेपटी. शेपटी ओढली की सगळं मोकळं. कसाही भिजवा. हे करायला मला दीड दिवस लागला. दीड दिवस, फक्त.

सासूबाईंनी एकदाच विचारलं. मळ्यात वाकून फुलं तोडत होत्या, वर न बघता म्हणाल्या, "तोच पट्टा का?"

"तोच."

"त्याच्या बापाला सांगा. त्याला दुसऱ्याकडून कळायला नको."

मी सांगतो म्हणालो. आज जातो, उद्या जातो. नानांच्या गल्लीपर्यंत दोनदा गेलो आणि कोपऱ्यावरून वळलो. मला पोलिसांची भीती नव्हती. पोलिसांनी पंचनाम्यात बुडून मृत्यू लिहून प्रकरण मिटवलं होतं. मला नानांच्या तोंडाकडे बघायची भीती होती. मग मी स्वतःशी म्हणायला लागलो की म्हाताऱ्याला आता कशाला त्रास, जे गेलं ते काही परत येणार नाही. भेकड माणसाला असली दयाळू वाक्यं लगेच सापडतात.

चार महिन्यांनी, उन्हं तापायला लागली होती तेव्हा, नाना दुकानात आले. हातात ती पिशवी. कमरेचा पट्टा कापलेला, दोन्ही टोकं लोंबत होती. कड्यांत नवारीचा तुकडा अजून अडकलेला.

"परभाकर, हिला पट्टा लावून दे. सुनीलच्या दोस्तांना द्यायची हाय. घरात बघवत नाय."

मी "बरं" म्हणालो. तेवढंच. आठ दिवसांनी या म्हणालो.

आठव्या दिवशी आले. पिशवी समोर ठेवली. त्यांनी शिवण बघितली नाही, कड्या दातात धरल्या नाहीत.

"बादली हाय का?"

मी बादली भरून दिली. नानांनी नवा पट्टा कड्यांसकट पाण्यात बुडवला आणि स्टुलावर बसून राहिले. मी चहा मागवला, तो त्यांच्या हातात गार झाला. बाहेर चौकात हॉर्न वाजत होते. बऱ्याच वेळाने ते उठले, टपकती पिशवी स्वतःच्या पाठीला लावली, ओला पट्टा पोटावर आवळला, सत्तरीतल्या माणसाने जोर लावून जेवढा आवळता येईल तेवढा, आणि लाल शेपटी ओढली. पट्टा सुटला. परत बांधला, परत ओढला. तिसऱ्यांदा डोळे मिटून ओढला.

"सुटतो," ते म्हणाले.

मी बादली उचलून बाजूला ठेवली.

"बाकीच्यांच्या पिशव्यांचं काय? त्यांना सांगाया पायजे."

"सगळ्या बदलल्या नाना."

"कधी?"

इथे खोटं बोलता आलं असतं. पण दुकानात पाण्याचा ओघळ माझ्या पायापर्यंत आला होता आणि माझ्या तोंडून खोटं निघेना. "सुनीलच्या तेराव्याच्या आत," मी म्हणालो.

नाना माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"म्हंजी तुला ठाऊक होतं," ते म्हणाले. "कापलेला पट्टा बघितला तवाच मला समजलं. ओली नवार मी जन्मभर वापरली. मला वाटलं, तुला उमगलंच नसंल. पोरावर तुझा जीव होता. हे तुला कुन्या तोंडानं सांगू, तू जगशील का, म्हनून चार महिनं आलो नाय रे मी."

त्यांनी पिशवी एका खांद्याला अडकवली आणि पायरी उतरले. पट्टा जमिनीला लागत होता, त्यातून पाणी गळत होतं. मी उभा राहिलो, तोंड उघडलं. तोवर ते रस्ता ओलांडून गेले होते.

त्यानंतर मी एकही पिशवी शिवली नाही. नाना पुढे सहा वर्षं होते, त्याच गल्लीत, स्कूटरवर दहा मिनिटांच्या अंतरावर. मी गेलो नाही.